वस्ती वाढली, स्थानक मागे राहिले: वळिवडे रेल्वे स्थानकाचे प्रकरण

कोल्हापूरहून मिरजेकडे निघालेली गाडी गूळ मार्केटचा थांबा मागे टाकते आणि पंचगंगेच्या पुलावर चढण्याआधी वळिवड्याला पोहोचते. स्थानकाला लागूनच गांधीनगर आहे. दक्षिण महाराष्ट्रातले, कोकणातले आणि सीमाभागातले दुकानदार घाऊक कापडासाठी या बाजारपेठेत येतात, आणि त्यांतले बहुतेक सगळे रस्त्याने येतात. कापडाचे गठ्ठे ट्रकने उतरतात व टेम्पोने बाहेर पडतात, शहरातले गिऱ्हाईक केएमटीच्या, म्हणजे कोल्हापूर महापालिकेच्या, बसने किंवा स्वतःच्या दुचाकीने येते. स्थानक कागदोपत्री बंद झालेले नाही, रुळांवरून गाड्याही धावतात, तरी ज्या वस्तीच्या दारात ते उभे आहे तिच्या व्यवहारात त्याला जवळजवळ स्थान उरलेले नाही. ओसाड पडलेल्या स्थानकाभोवतीचे गावही सहसा ओसरलेले असते, त्यामुळे कारण शोधत बसावे लागत नाही. वळिवड्याला वस्ती कित्येक पटींनी वाढली आणि स्थानक मात्र मागे पडले, म्हणून हे प्रकरण स्वतंत्रपणे तपासण्यासारखे आहे.

या प्रकरणात माझे प्रतिपादन असे आहे की वळिवड्याचे स्थानक पूर्ण अर्थाने ‘चालले’ ते फक्त १९४३ ते १९४८ या काळात, कारण तेव्हा तिथे राहणाऱ्यांना आत येण्याचा आणि बाहेर पडण्याचा दूरचा मार्ग रेल्वेचाच होता. त्याआधी ते एका शेतीप्रधान गावाजवळचे साधे स्थानक होते, आणि नंतर ते एका मोठ्या बाजारपेठेजवळचे साधे स्थानक झाले. हे का झाले ते समजण्यासाठी आधी रूळ कोणाचे होते ते पाहावे लागते.

१८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनच्या आतल्या भागात धान्य पोहोचवण्याचे साधन नसल्यामुळे जी हानी झाली, तिच्यानंतर दुष्काळप्रवण प्रदेशांत लोहमार्ग टाकण्याच्या धोरणाने जोर धरला. त्याच काळात, १८८२ मध्ये, सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी स्थापन झाली. तिचा पुण्याकडून मिरज, बेळगाव व लोंढ्याकडे जाणारा मार्ग मीटर गेजचा, म्हणजे अरुंद रुळांचा, होता, आणि तो कोल्हापूरला टाळून मिरजेवरून गेला. कोल्हापूर संस्थानला रेल्वे हवी असेल तर मिरजेपासून आपल्या खर्चाने फाटा आणणे हाच उपाय होता. मे १८८८ मध्ये या फाट्याची पायाभरणी झाली आणि एप्रिल १८९१ मध्ये मार्ग सुरू झाला. लांबी २९ मैल, म्हणजे आजच्या हिशेबाने ४७ किलोमीटरच्या आसपास. मालकी संस्थानची आणि गाड्या चालवण्याचे काम कंपनीकडे, अशी ती व्यवस्था होती. ‘कोल्हापूर स्टेट रेल्वे’ हे नाव त्यामुळे शोभेचे नव्हते. मार्गावर दोन मोठ्या नद्या येतात: मिरज सोडल्यावर उदगाव-अंकलीजवळ कृष्णा, आणि रुकडी व वळिवडे यांच्यामध्ये पंचगंगा. वळिवडे पंचगंगेच्या कोल्हापूरच्या बाजूला आहे, हे भौगोलिक वास्तव पुढे महत्त्वाचे ठरते.

पायाभरणी शाहू महाराजांच्या हस्ते झाली हे कोल्हापुरात सर्वांना ठाऊक असते. त्या वेळी ते १४ वर्षांचेही नव्हते, हे मात्र फारसे कोणी लक्षात घेत नाही. त्यांचा जन्म २६ जून १८७४ चा, दत्तकविधान मार्च १८८४ चे, आणि राज्यकारभाराची सूत्रे हाती आली ती २ एप्रिल १८९४ रोजी. म्हणजे रेल्वे आणण्याचा निर्णय, खर्चाची तरतूद आणि कंपनीशी करार ही सगळी कामे अल्पवयीन राजाच्या काळात, पोलिटिकल एजंटच्या, म्हणजे संस्थानातल्या ब्रिटिश प्रतिनिधीच्या, देखरेखीखाली चालणाऱ्या कारभाराने केली. शाहू महाराजांचे कर्तृत्व याने कमी होत नाही. त्यांचे रेल्वेविषयक खरे कर्तृत्व दुसरीकडे आहे, आणि ते पाहिल्याखेरीज वळिवड्याचे मागे पडणे समजत नाही.

आयता मिळालेला लोहमार्ग त्यांनी बाजारपेठा वसवण्यासाठी वापरला. कोल्हापूर स्थानकाच्या जवळ शाहूपुरीची व्यापारी पेठ वसली आणि कोल्हापुरी गुळाला तिथून बाहेरची वाट मिळाली. १९०६ मध्ये शाहू मिलचा आरंभ झाला. सर्वांत ठळक उदाहरण जयसिंगपूरचे आहे. शिरोळ रोड नावाच्या स्थानकाजवळ १९१७ मध्ये महाराजांनी आपले जनक पिता जयसिंगराव घाटगे यांच्या नावाने नवे गाव आखले. सरळ रुंद रस्ते, व्यापाऱ्यांसाठी भूखंड आणि शेजारी रेल्वे, अशी ती रचना होती. ही जागा निवडण्यामागे राजकीय हिशेबही दिसतो. कृष्णेपलीकडे मिरज आणि सांगली ही पटवर्धनांची संस्थाने होती, आणि कोल्हापूरच्या शेतकऱ्याचा माल नदी ओलांडून दुसऱ्याच्या पेठेत विकला जाण्यापेक्षा तो आपल्या हद्दीतल्या स्थानकावरच विकला जावा, हे संस्थानच्या सोयीचे होते. जयसिंगपूर आणि त्याचे स्थानक एकमेकांसाठी घडले. गावाची आखणी करतानाच रेल्वे गृहीत धरलेली होती.

वळिवड्याला असे काही घडले नाही, आणि घडण्याचे कारणही नव्हते. कोल्हापूरचे टोकाचे स्थानक इथून बैलगाडीच्या अंतरावर होते. टोकाच्या स्थानकाचे एक वैशिष्ट्य असे की ते आजूबाजूच्या दहा-पंधरा किलोमीटरमधला माल स्वतःकडे ओढते. तिथे गुदामे असतात, अडते असतात, वखारी असतात, वॅगन मिळण्याची शाश्वती असते. वळिवड्याच्या शेतकऱ्याने गूळ मधल्या लहान स्थानकावर चढवण्यापेक्षा गाडी जुंपून थेट शाहूपुरीत नेणे हेच शहाणपणाचे होते, कारण भाव तिथे ठरत होता. ग्रामीण स्थानकांच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसते: मोठ्या स्थानकापासून पुरेसे दूर असलेले लहान स्थानक टिकून मोठे होते, आणि फार जवळचे असलेले केवळ उतारूंचे राहते. यातून बाहेर पडायला वळिवड्याला काहीतरी असाधारण घडावे लागणार होते, आणि ते घडले.

फेब्रुवारी १९४० पासून सोव्हिएत फौजांनी व्यापलेल्या पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सायबेरिया, कझाकस्तान आणि रशियाच्या उत्तरेकडील भागांत हद्दपार करण्यात आले. जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केल्यानंतर, ३० जुलै १९४१ रोजी, लंडनमधील पोलिश निर्वासित सरकार आणि मॉस्को यांच्यात करार झाला आणि या लोकांच्या सुटकेचा मार्ग मोकळा झाला. पोलिश जनरल आंदेर्स यांच्या सैन्याबरोबर १९४२ च्या वसंतात आणि पुन्हा उन्हाळ्याच्या अखेरीस हजारो नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. पुरुष लढाईकडे गेले. उरल्या त्या बायका, मुले आणि वृद्ध. त्यांची व्यवस्था ब्रिटिश साम्राज्याच्या निरनिराळ्या भागांत करायची ठरली, आणि भारतातले मुख्य प्रवेशद्वार कराची होते. नवानगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला अनाथ मुलांसाठी छावणी उघडली. पाचगणीत आजारातून उठलेल्या मुलांची सोय झाली. कुटुंबांसाठीची मोठी छावणी मात्र १९४३ च्या मध्यापासून वळिवड्याला उभी राहिली, आणि तिच्यात सुमारे ५,००० माणसे राहिली.

जागा म्हणून वळिवडे का, याची उत्तरे व्यावहारिक आहेत. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपासची उंची आणि त्यामुळे मुंबई-कराचीच्या मानाने सौम्य हवा, जवळ नदी, हाकेच्या अंतरावर शहर, आणि दाराशी रूळ. यातला शेवटचा घटक नसता तर बाकीचे तीन निरुपयोगी होते. युद्धाच्या त्या वर्षांत पेट्रोल रेशनवर होते आणि मोटारी लष्कराच्या कामाला जुंपल्या होत्या. पाच हजार माणसांचे सामान, धान्य, औषधे, शाळेची पुस्तके आणि टपाल हे सगळे रस्त्याने नियमितपणे आणण्याची कल्पनाही कोणी केली नसती. मुंबईहून येणारा डबा थेट इथवर पोहोचत नसे, ही बाबही ध्यानात घ्यायला हवी. मुंबई-पुणे हा ब्रॉड गेजचा, म्हणजे रुंद रुळांचा, मार्ग होता आणि पुण्यापासून पुढे मीटर गेज, त्यामुळे पुण्यात माणसांनी गाडी बदलायची आणि माल एका वॅगनमधून उतरवून दुसऱ्या वॅगनमध्ये भरायचा. सायबेरियापासून हजारो मैल आलेल्या कुटुंबाच्या प्रवासाचा शेवटचा टप्पा या अरुंद रुळांवरचा असे.

छावणीत बरॅकींच्या लांब रांगा होत्या आणि प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र राहण्याची जागा होती. बालवाडीपासून माध्यमिकपर्यंतच्या पोलिश शाळा, चर्च, रुग्णालय, रंगमंच, स्काउटची पथके, दुकाने, सहकारी उद्योग अशी ती एक स्वयंपूर्ण वस्तीच होती. कारभार पोलिश लोकांचा, देखरेख ब्रिटिश हिंदुस्थान सरकारची, खर्चाचा भार लंडनमधील पोलिश सरकारचा, आणि मुंबईतील पोलिश वकिलातीचे एउगेनियूश बानाशिन्स्की व त्यांच्या पत्नी कीरा बानाशिन्स्का यांचा या सर्व कामात मोठा वाटा होता. भाजी, दूध, अंडी विकायला आसपासच्या गावांतून माणसे येत, आणि छावणीतली माणसे टांग्याने शहरात जात. म्हणजे रोजच्या गरजांसाठी रस्ता आणि जगाशी संबंधासाठी रेल्वे, अशी सरळ वाटणी होती. लांबून येणारे पत्र, आघाडीवरून आलेला नवरा किंवा भाऊ, बदली होऊन निघालेला शिक्षक, १९४६ मध्ये बालाचडीची छावणी बंद झाल्यावर तिथून हलवलेली मुले, या सर्वांची वाट रुळांवरूनच होती. स्थानकाचा अर्थ वस्तीला रोज जाणवावा अशी परिस्थिती वळिवड्याला आधी कधी नव्हती आणि नंतरही आली नाही.

येथे पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, निर्णय कोणाचा? ‘कोल्हापूरच्या महाराजांनी पोलिश लोकांना आश्रय दिला’ हे वाक्य भाषणांत आणि लेखांत इतके रुळले आहे की कोणी तारखा ताडून पाहत नाही. छत्रपती राजाराम महाराज २६ नोव्हेंबर १९४० रोजी निवर्तले. त्यांच्यानंतर दत्तक आलेले छत्रपती शिवाजी १९४३ मध्ये अजून दोन वर्षांचेही पूर्ण नव्हते. राज्यकारभार रीजन्सीकडे, म्हणजे अल्पवयीन राजाच्या वतीने चालणाऱ्या कारभाराकडे, होता आणि महाराणी ताराबाई रीजंट होत्या. कोल्हापूर संस्थानची जमीन, सहकार्य आणि नागरिकांचा चांगुलपणा यांचे मोल मोठेच आहे, परंतु त्याचे श्रेय एखाद्या सिंहासनस्थ राजाच्या एका उद्गाराला देणे इतिहासाला धरून होत नाही. गमतीचा भाग असा की या स्थानकाच्या आयुष्यातले दोन्ही निर्णायक क्षण, १८८८ आणि १९४३, राजा अल्पवयीन असतानाचे आहेत, आणि दोन्ही वेळा लोकस्मृतीने कारभाऱ्यांना बाजूला सारून राजाचे नाव पुढे केले आहे. मोठ्या वाड्याच्या इतिहासात असे झाले तर फारसे बिघडत नाही. लहान स्थानकाच्या इतिहासात मात्र निर्णय कोणत्या कचेरीत झाला हे चुकले की कागद कोठे शोधायचे हेच चुकते.

जुलै १९४५ मध्ये ब्रिटनने लंडनमधील पोलिश सरकारची मान्यता काढून घेतली आणि छावणीची जबाबदारी आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांकडे, आधी उन्रा (संयुक्त राष्ट्रांची मदत व पुनर्वसन संस्था) आणि नंतर आंतरराष्ट्रीय निर्वासित संघटना यांच्याकडे, गेली. घरे सोव्हिएत हद्दीत गेलेल्या या माणसांपैकी फार थोडी पोलंडला परतली. बाकीची ब्रिटन, पूर्व आफ्रिका, ऑस्ट्रेलिया अशी विखुरली. १९४८ मध्ये छावणी रिकामी झाली.

रिकाम्या बरॅकी रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना त्याच जागेत वसवण्यात आले, आणि वस्तीला गांधीनगर हे नाव मिळाले. पोलिश कुटुंबे जिथून हिंदुस्थानात शिरली त्याच कराचीतून अनेक सिंधी कुटुंबांनीही देश सोडला होता, हा योगायोग आहे. त्यातून फार अर्थ काढण्याचे कारण नाही. अर्थ काढायचा असेल तर दोन्ही वस्त्यांच्या फरकातून काढावा. पोलिश माणूस इथे तात्पुरता होता, त्याला पोटासाठी शहराच्या बाजारात उतरायचे नव्हते, आणि त्याचे लक्ष इथून बाहेर नेणाऱ्या गाडीकडे होते. सिंधी माणसाला इथेच राहायचे होते आणि धंदा करायचा होता. फेरीपासून दुकान, दुकानातून घाऊक पेढी, असा तो विस्तार आजूबाजूच्या तालुक्यांतल्या गिऱ्हाइकांवर उभा राहिला, आणि ही गिऱ्हाइके रुळांच्या कडेने राहत नव्हती. गडहिंग्लज, राधानगरी, गारगोटी, निपाणी किंवा घाट उतरून कोकण, यांतल्या एकाही ठिकाणाहून वळिवड्याला गाडीने येता येत नाही. कोल्हापूर १८९१ पासून रेल्वेचे शेवटचे टोक आहे. वैभववाडीकडे जाणाऱ्या मार्गाला २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात जागा मिळाली असली तरी आजही घाटाकडे रूळ गेलेले नाहीत. बाजारपेठेचा पसारा जिकडे आहे तिकडे लोहमार्ग जातच नाही, तर स्थानक दाराशी असून उपयोग काय?

त्याच तीन-चार वर्षांत वरचा कारभारही बदलत गेला. १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थानची स्वतःची रेल्वे ही गोष्टच संपली. १४ एप्रिल १९५१ रोजी, जिच्याकडे हा मार्ग चालवण्याचे काम होते ती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे नव्या दक्षिण रेल्वेत विलीन झाली. पुढे १९६६ मध्ये दक्षिण मध्य रेल्वे निघाली, आणि आज हा मार्ग मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे. संस्थानच्या काळात जयसिंगपूरसारखी एखादी पेठ रुळांशेजारी वसवायची तर रेल्वेचा मालक आणि जमिनीचा मालक एकच होता. विलीनीकरणानंतर वस्ती महसूल खात्याची, बाजार व्यापाऱ्यांचा आणि रूळ केंद्र सरकारचे झाले. गांधीनगर वाढत असताना स्थानकाला त्याच्याशी जोडून आखणारा कोणी उरला नाही, आणि माझ्या मते मागे पडण्याचे सर्वांत मोठे कारण हेच आहे.

उरलेले काम रेल्वेच्या स्वतःच्या सुधारणांनी केले. १९७१ च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉड गेज झाला, पुण्यातली चढउतार संपली आणि मुंबईची थेट गाडी कोल्हापुरातून सुटू लागली. याचा सगळा लाभ टोकाच्या स्थानकाला झाला. १९८० च्या दशकापासून भारतीय रेल्वेने सुट्या वॅगनची मालवाहतूक मागे टाकून पूर्ण रेक, म्हणजे अख्खी मालगाडी, भरण्यावर भर दिला. सिमेंट, खत, साखर यांना हे परवडते. दहा-वीस गठ्ठे मागवणाऱ्या कापडाच्या पेढीला नाही. शिवाय पुणे-बंगळूर महामार्ग तावडे हॉटेलजवळून, म्हणजे गांधीनगरच्या अगदी बाजूने जातो. सुरत किंवा इचलकरंजीहून निघालेला ट्रक दुकानाच्या मागच्या दारी उभा राहतो. इचलकरंजीसारखे वस्त्रोद्योगाचे मोठे शहर जिल्ह्यातच असून त्यालाही स्वतःचे रेल्वे स्थानक नाही, तेव्हा या भागातल्या कापडाने रेल्वेवर भिस्त ठेवली नाही यात नवल नाही.

एक अडचण किरकोळ वाटते, पण बाहेरच्या माणसाला ती नेमकी भेडसावते. वस्ती गांधीनगर म्हणून ओळखली जाते आणि स्थानकाच्या फलकावर वळिवडे आहे. तिकीट काढताना गांधीनगर शोधणाऱ्याला गुजरातची राजधानी सापडते. पुराच्या दिवसांत मात्र वळिवड्याचे नाव लगेच सर्वांच्या तोंडी येते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पंचगंगेच्या पुलाजवळ पाणी चढल्याने कोल्हापूर-मिरज वाहतूक थांबवावी लागली. अशा वेळी कोल्हापूर, गूळ मार्केट आणि वळिवडे एवढाच तुकडा नदीच्या अलीकडे अडकून पडतो.

या स्थानकाचा इतिहास लिहू पाहणाऱ्याने कागदांसाठी कोठे जावे, याचे उत्तर वरच्या हकिकतीतच आहे. संस्थानचे दप्तर कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे, हिंदुस्थान सरकारचा पत्रव्यवहार दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात, उन्राची कागदपत्रे न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या संग्रहात, आणि पोलिश सरकारची लंडनच्या सिकोर्स्की संग्रहालयात. एका लहान स्थानकासाठी हा पसारा हास्यास्पद वाटेल, पण निर्णय जितक्या कचेऱ्यांत झाले तितक्या ठिकाणी कागद पांगतात. प्रत्यक्ष स्थानकावर उभे राहून यातले काहीही कळत नाही.

स्मारके झाली ती रेल्वेपासून वेगळी. वॉर्सामध्ये २०१७ साली कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे राहिले, २०१९ मध्ये वळिवड्याला स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या स्मारकाला भेट दिली. वळिवड्याच्या फलाटावरही एक माहितीफलक लावावा, अशी सूचना या अभ्यासाच्या शेवटी करावीशी वाटते. त्यावर १८९१ मध्ये हा मार्ग संस्थानच्या पैशाने सुरू झाल्याचे, १९४३ ते १९४८ मध्ये पोलिश कुटुंबे या रुळांवरून आली व गेल्याचे आणि त्यानंतर सिंधी कुटुंबे येथे स्थायिक झाल्याचे लिहावे, आणि आश्रयाचे श्रेय एकट्या महाराजांना देणारे वाक्य गाळून ‘कोल्हापूर संस्थान’ एवढेच म्हणावे. मराठी, हिंदी आणि इंग्रजी या रेल्वेच्या नेहमीच्या तीन भाषांबरोबर पोलिश आणि सिंधीतही दोन ओळी असाव्यात. परवानगी पुण्याच्या विभागीय कार्यालयातून घ्यावी लागेल, आणि मजकूर तपासून देण्याचे काम पुराभिलेखागाराच्या मदतीने कोल्हापुरातच होऊ शकेल.